एकाच जनुकातील दोषामुळे तोल जाणे, वारंवार जंतुसंसर्ग होणे आणि कर्करोगाचा धोका असणे, हे तिन्ही कसे होऊ शकते?

आपण लिहिले आहे की साडेचार वर्षांच्या पुतणीचा चालताना तोल जातो म्हणून तपासण्या सुरू झाल्या, आणि एटीएम या जनुकात दोन बदल सापडल्याचा अहवाल येताच डॉक्टर प्रतिकारशक्ती आणि रक्ताच्या कर्करोगाविषयी बोलू लागले. या तिन्हींचा एकमेकांशी संबंध काय, आणि तिच्या आईवडिलांनी पुढच्या अपत्याचा विचार करावा की नाही, असे आपले प्रश्न आहेत. आनुवंशिक तपासण्यांचे अहवाल तयार करणे आणि ते कुटुंबांना समजावून सांगणे हेच माझे काम असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

हे तीन वेगळे आजार नाहीत. ॲटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया या एकाच आजाराची ती तीन रूपे आहेत आणि त्यांच्या मुळाशी एकच उणीव आहे. एटीएम जनुकापासून ३०५६ अमिनो आम्लांचे एक भलेमोठे प्रथिन तयार होते. डीएनएचे दोन्ही धागे एकाच ठिकाणी तुटले की हे प्रथिन जागे होते, पेशीचे विभाजन थांबवते आणि दुरुस्ती करणाऱ्या इतर प्रथिनांना कामाला लावते. हे जनुक १९९५ मध्ये योसेफ शिलो यांच्या चमूने शोधून काढले.

आता प्रतिकारशक्तीचा संबंध पाहू. शरीरातील बहुतेक पेशींच्या दृष्टीने डीएनए तुटणे हा अपघात असतो. बी आणि टी या रक्तातील संरक्षक पेशी मात्र तो मुद्दाम तोडतात. जंतूंचे प्रकार अगणित आणि आपली जनुके मोजकी, म्हणून या पेशी जनुकांचे तुकडे कापून नव्या क्रमाने जोडतात आणि त्यातूनच लाखो प्रकारची प्रतिपिंडे (जंतूंना चिकटणारी प्रथिने) व ग्राहक रेणू (पेशीवर बसून जंतू ओळखणारे रेणू) तयार होतात. पुढे प्रतिपिंडाचा वर्ग बदलून आयजीए किंवा आयजीजी बनवायचे असले तरी पुन्हा एकदा कापाकापी करावी लागते. एटीएम नसेल तर कापलेली टोके वेळेवर जुळत नाहीत. म्हणूनच या मुलांपैकी अनेकांच्या रक्तात आयजीए अगदी कमी असते किंवा नसतेच, टी पेशींची संख्याही कमी भरते, आणि कान, सायनस व छातीचे संसर्ग पुन्हा पुन्हा होतात.

कर्करोगाचे कारणही इथेच आहे. या मुलांच्या रक्तपेशींची गुणसूत्रे रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर काही पेशींमध्ये ७ व्या आणि १४ व्या गुणसूत्रांनी आपापले तुकडे अदलाबदल केलेले दिसतात. एकाचे टोक आखूड, दुसऱ्याचे लांब, आणि पट्ट्यांची ओळीने चाललेली नक्षी मध्येच बदललेली. तुटण्याच्या जागा नेमक्या त्याच, जिथे टी पेशींच्या ग्राहकांची जनुके असतात. असे चित्र मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा पुस्तकात वाचलेले सगळे एका क्षणात उलगडले : ज्या कापाकापीतून संरक्षण उभे राहायचे, तीच चुकीच्या ठिकाणी जोडली गेली होती. असा तुकडा पेशीची वाढ चालवणाऱ्या एखाद्या जनुकाशेजारी जाऊन बसला आणि विभाजन थांबवणारे एटीएमही हजर नसले, तर त्या पेशीपासून ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) किंवा लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) सुरू होऊ शकतो. तोल जातो तो एटीएमच्या अभावी लहान मेंदूतील, हालचालींचा ताळमेळ राखणाऱ्या पर्किंजे पेशी हळूहळू नष्ट होत असल्यामुळे. अशी मुले बहुधा वेळेवर चालू लागतात आणि मग त्यांची चाल डळमळू लागते, त्यामुळे सुरुवातीला सेरेब्रल पाल्सीचे निदान होणेही विरळा नाही.

दुरुस्तीच्या याच यंत्रणेतील दुसरे प्रथिन बिघडले की चित्र थोडे बदलते. एनबीएन जनुकाच्या दोषात बाळाचे डोके जन्मापासून लहान असते आणि लिम्फोमाचा धोकाही मोठा असतो. फॅन्कोनी ॲनिमियात काही मुलांचे अंगठे नीट घडलेले नसतात आणि पुढे अस्थिमज्जा निकामी होते. या आजाराच्या एका प्रकारात बीआरसीए२ या, स्तनाच्या कर्करोगामुळे सर्वांना माहीत झालेल्या जनुकाच्या दोन्ही प्रती (एक आईकडून, एक वडिलांकडून आलेली) सदोष असतात, हे २००२ मध्ये कळले. प्रतिकारशक्तीचे सगळेच आनुवंशिक आजार मात्र या वाटेने येत नाहीत. ब्रुटन यांनी १९५२ मध्ये वर्णन केलेल्या आजारात बी पेशी परिपक्वच होत नाहीत. तिथे तुटलेला डीएनए जोडण्याचा प्रश्नच नसतो. त्यामुळे दुसऱ्या एखाद्या मुलाची हकिगत आपल्या पुतणीला जशीच्या तशी लावू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

अहवाल हातात घेऊन दोन गोष्टी आधी पाहा. पहिली, प्रत्येक बदलापुढे काय लिहिले आहे. ‘रोगकारक’ किंवा ‘बहुधा रोगकारक’ असेल तर त्याला वजन आहे. ‘महत्त्व अनिश्चित’ असेल तर केवळ त्या शब्दांवरून निदान करू नये. दुसरी, दोन्ही बदल एकाच प्रतीवर आहेत की दोन वेगवेगळ्या प्रतींवर. एकाच प्रतीवर असतील तर दुसरी प्रत शाबूत असते आणि हा आजार होत नाही. हे तिच्या आईवडिलांची तपासणी केल्याशिवाय सहसा ठरत नाही, आणि अनेक घरांत राहून जाते ती नेमकी हीच तपासणी. जोडीला रक्तातील अल्फा फीटोप्रोटीन या प्रथिनाचे प्रमाण मोजायला सांगा. तान्ह्या बाळांत ते मुळातच जास्त असते, पण या वयात ते वाढलेले सापडले तर निदानाला भक्कम आधार मिळतो. डोळ्यांच्या पांढऱ्या भागात बारीक, नागमोडी लाल रक्तवाहिन्या दिसतात का तेही पाहा. डोळे आल्यासारखे वाटते, पण चिकटा नसतो, खाज नसते आणि थेंब घालूनही लाली जात नाही.

निदान पक्के झाले तर एक गोष्ट प्रत्येक डॉक्टरला, दंतवैद्यालाही, आधीच सांगा : या मुलांच्या पेशींना किरणोत्सर्ग सोसत नाही. क्ष-किरण आणि सीटी स्कॅन अगदी गरज असेल तरच करावेत, आणि शक्य तिथे सोनोग्राफी किंवा एमआरआय निवडावा. दुर्दैवाने कर्करोग झालाच, तर नेहमीच्या मात्रेतील रेडिएशन जीवघेणे ठरू शकते आणि काही केमोथेरपीची औषधेही जपून द्यावी लागतात. जिवंत जंतूंच्या लसींचा निर्णय प्रतिकारशक्तीची तपासणी झाल्यावरच घ्यावा.

आपण न विचारलेले, पण सांगायलाच हवे असे आणखी एक. दोन्ही बदल रोगकारक आणि वेगवेगळ्या प्रतींवर ठरले, तर मुलीची आई बहुधा वाहक असेल, म्हणजे तिची एक प्रत सदोष आणि दुसरी शाबूत असेल. वाहक स्त्रियांना हा आजार होत नाही, परंतु त्यांना स्तनाच्या कर्करोगाचा धोका साधारण दोन ते तीन पट असतो. सगळ्यांचे लक्ष मुलीकडे असताना आईच्या तपासण्या मागे पडतात, हे मी अनेकदा पाहिले आहे आणि त्याचे फार वाईट वाटते. मावशी आणि आत्या यांनाही वाहक तपासणीबद्दल कळवायला हवे.

पुढच्या अपत्याविषयी : दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, आणि आधीच्या अपत्याला आजार झाला म्हणून ती कमी-जास्त होत नाही. हा कोणाचा दोष नव्हे, हे त्या आईवडिलांना आपण स्वतः सांगितलेत तर बरे होईल. दोन्ही रोगकारक बदल निश्चित झाले असतील तर गर्भाची तपासणी गर्भारपणाच्या अकराव्या आठवड्याच्या सुमारास करता येते. मात्र त्या वेळी जुन्या अहवालाचा अर्थ लावत बसण्याइतका अवधी हाती नसतो, म्हणून आईवडिलांचे रक्तनमुने आत्ताच तपासायला द्यावेत.