गेम शाबूत आहे, अडलाय तो इन्स्टॉलर

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात क्वेक आणि एज ऑफ एम्पायर्स 2 च्या मूळ सीडी आहेत, जुन्या फ्लॉपीवरून उतरवून ठेवलेला प्रिन्स ऑफ पर्शिया आहे, लॅपटॉप विंडोज 11 चा आहे, भावाकडे एम1 चा मॅकबुक आहे. दोन रविवार खटपट करूनही यातला एकही गेम चालला नाही. कंपॅटिबिलिटी मोडमध्ये विंडोज 95 पासून एक्सपीपर्यंत सगळं लावून पाहिलंत.

आधी तो कंपॅटिबिलिटी मोड विसरा. तो मुख्यतः प्रोग्रॅमला विंडोजची आवृत्ती खोटी सांगतो आणि काही जुन्या सवयी सांभाळून घेतो. तुमच्या क्वेकची अडचण वेगळी आहे. त्याचा इन्स्टॉलर, म्हणजे गेम संगणकात बसवणारा सेटअप प्रोग्रॅम, डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीचा, 16-बिटचा. 64-बिट विंडोजमध्ये 16-बिट प्रोग्रॅम चालवणारा भागच नाही, आणि विंडोज 11 फक्त 64-बिटमध्येच येतं. त्यामुळे ‘हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही’ हा संदेश कितीही वेळा राइट-क्लिक केलंत तरी येणारच. नव्वदच्या दशकातल्या बऱ्याच सीडींचं हेच दुखणं आहे: आतला गेम 32-बिटचा, धडधाकट, पण त्याला घरात आणणारा सेटअप 16-बिटचा. अशा वेळी सेटअपला बाजूला ठेवून फाइली आपणच बाहेर काढायच्या.

पण त्याआधी सीडीची इमेज, म्हणजे डिस्कवर ठेवायची हुबेहूब प्रत, करून ठेवा, कारण पंचवीस-तीस वर्षांच्या सीडीवर माझा भरवसा नाही. आणि ती आयएसओ प्रकारच्या फाइलमध्ये करू नका, ही माझी कळकळीची विनंती. क्वेकची सीडी मिश्र आहे. ट्रॅक 1 वर डेटा आहे आणि ट्रॅक 2 ते 11 वर संगीतकार ट्रेंट रेझनरचं संगीत, साध्या ऑडिओ सीडीसारखं. आयएसओमध्ये फक्त डेटा येतो, संगीत गळून पडतं. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणांनी तो गेम वर्षानुवर्षं मुका खेळला आणि तो तसाच असतो असं समजले. त्या अंधाऱ्या बोळांमधली धडकी निम्मी त्या आवाजात आहे. इमेजबर्नसारख्या प्रोग्रॅमने बिन आणि क्यू अशी फाइलींची जोडी बनवा. त्यात ऑडिओ ट्रॅकही येतात.

आता सीडी उघडून रिसोर्स.1 नावाची फाइल शोधा. सापडली तर ती 7-झिप या आर्काइव्ह उघडणाऱ्या प्रोग्रॅमने उघडून पाहा, कारण आत साधं एलएचए आर्काइव्ह, म्हणजे दाबून बांधलेलं फाइलींचं गाठोडं, असतं. त्यातून पॅक0 आणि पॅक1 या दोन फाइली काढून आयडी1 नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा. क्वेकचा सोर्स कोड 1999 मध्ये खुला झाला, त्यामुळे क्वेकस्पाझमसारखी नवी इंजिनं, म्हणजे त्या फाइली वापरून गेम चालवणारे प्रोग्रॅम, फुकट मिळतात. त्यातलं एक त्या फोल्डरशेजारी ठेवलं की गेम सुरू. आयडी1 च्या आत म्युझिक नावाचा फोल्डर करून ऑडिओ ट्रॅक ओग स्वरूपात, ट्रॅक02 पासून नावं देऊन ठेवलेत की संगीतही वाजेल. हीच कृती भावाच्या मॅकवरही चालते, इंजिन तेवढं मॅकचं घ्यायचं.

ज्या सीडींवर इन्स्टॉलशील्ड या सेटअप बनवणाऱ्या प्रोग्रॅमच्या कॅब फाइली असतात तिथे 7-झिप हात टेकतो. त्यासाठी त्या फाइली उघडणारं अनशील्ड वापरा, किंवा 16-बिट सेटअपच चालवायचा असेल तर विनईव्हीडीएम नावाचा प्रोग्रॅम. मला दुसरा मार्ग आवडतो, कारण सेटअप रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, नोंदी करतो आणि काही गेम त्या नोंदींशिवाय उठतच नाहीत.

एज ऑफ एम्पायर्स 2 चं तुम्ही लिहिलंय की तो इन्स्टॉल झाला, पण सीडी ड्राइव्हमध्ये असूनही डबल-क्लिक केल्यावर काहीच होत नाही, एररसुद्धा येत नाही. हे सेफडिस्कचं लक्षण. त्या काळच्या या कॉपी-संरक्षणाचा ड्रायव्हर थेट विंडोजच्या गाभ्यात बसायचा. सुरक्षेच्या कारणाने मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 पासून तो काढून टाकला आणि सप्टेंबर 2015 च्या अपडेटने आधीच्या विंडोजवरही बंद केला. इथे सीडीशी झगडण्यात अर्थ नाही. इंटरनेटवरच्या कुठल्याही साइटवरून क्रॅक केलेली ईएक्सई मात्र उतरवू नका. मी दुरुस्तीला आलेल्या पीसींमधून असल्या फाइलींबरोबर आलेली घाण इतक्यांदा साफ केली आहे की या बाबतीत मी हट्टी आहे. 2019 ची डेफिनिटिव्ह एडिशन विकत घ्या. मूळ सीडीच हवी असेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (विंडोजच्या आत दुसरा आभासी पीसी चालवणारा प्रोग्रॅम) एक्सपी टाका, त्याचं इंटरनेट बंद ठेवा आणि तिथे खेळा. हा गेम 2डी आहे म्हणून हे जमतं. 3डी गेमसाठी हा मार्ग मी सुचवणार नाही. एम1 वर बूट कॅम्प, म्हणजे मॅकवर विंडोज टाकायची सोय, नाहीच, तेव्हा भावाने क्रॉसओव्हर या मॅकवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या ॲपमधून नवी आवृत्ती चालवून बघावी.

जाता जाता, एखादा इन्स्टॉलर ‘डिस्कवर जागा नाही’ म्हणाला आणि तुमच्याकडे 400 जीबी मोकळी असेल, तर त्याचं गणित चुकतंय. जुने इन्स्टॉलर मोकळी जागा 32-बिटच्या आकड्यात मोजतात, मोठा आकडा उलटतो आणि उणे होतो. डिस्क मॅनेजमेंटमध्ये 1 जीबीची व्हर्च्युअल डिस्क बनवा आणि गेम तिथे टाका. आणि कुठलाही जुना गेम प्रोग्रॅम फाइल्समध्ये नको. त्याला स्वतःच्याच फोल्डरमध्ये सेव्ह लिहायची सवय असते आणि तिथे त्याला परवानगी नसते. सी ड्राइव्हवर गेम्स नावाचा वेगळा फोल्डर करा.

प्रिन्स सगळ्यात सोपा आहे. डॉसबॉक्स हा डॉसची नक्कल करणारा प्रोग्रॅम घ्या, त्यात गेमचा फोल्डर सी ड्राइव्ह म्हणून माउंट करा (जोडा), बस्स. साउंड ब्लास्टर या जुन्या साउंड कार्डाचे आकडे विचारले तर पोर्ट 220, आयआरक्यू 7, डीएमए 1. एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही: प्रिन्सला एकेक पाऊल जपून टाकायला किंवा कडेला लटकायला शिफ्ट लागतं, आणि विंडोजमध्ये शिफ्ट पाचदा दाबलं की स्टिकी कीजची खिडकी उघडते. नेमकी काट्यांच्या खड्ड्याशी. सेटिंग्जमध्ये तो शॉर्टकट आधी बंद करा. तुमची प्रत 1.0 असेल तर ‘प्रिन्स मेगाहिट’ टाइप करून सुरू केल्यावर चीट अजूनही चालतात. कॉलेजच्या लॅबमध्ये हे दोन शब्द आम्ही वहीच्या शेवटच्या पानावर लिहून एकमेकांना द्यायचो.

प्रिन्सपासून सुरुवात करा, मग क्वेक. क्वेकच्या सीडीवर रिसोर्स.1 नसेल तर मुख्य फोल्डरमधल्या फाइलींची नावं इथे लिहा, त्यावरून पुढचं सांगतो.