एंटरप्राइज आर्किटेक्चरला मराठीत काय म्हणायचं? वास्तुकला तर नकोच

एका ताईंचा प्रश्न आलाय, थोडक्यात सांगतो. त्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात संगणक विभागात आहेत, नव्या सिस्टीमचा प्रस्ताव संचालक मंडळापुढं मराठीत ठेवायचाय, त्यात त्यांनी 'एंटरप्राइज आर्किटेक्चर'ला (म्हणजे संस्थेची खाती, कामं, माहिती आणि संगणक एकमेकांत कसे बसलेत ते) 'उद्यम वास्तुकला' आणि 'इन्फर्मेशन आर्किटेक्चर'ला (म्हणजे माहिती सापडावी म्हणून ती कशी लावलीय ते) 'माहिती वास्तुकला' असं लिहिलं, तर एका संचालकांनी विचारलं, "बिल्डिंग कुठल्या गटात बांधायचीय?" तर ह्याला धड मराठी शब्द आहे का, की इंग्रजीच ठेवू, असं त्या विचारतायत.

ताई, संचालकांचं बोलणं हसण्यावारी नेऊ नका, त्यांचं मराठी बरोबर आहे. 'वास्तू' हा 'वस्' म्हणजे राहणं ह्या धातूतला शब्द, आपल्याकडं वास्तू म्हटलं की उंबरा, ईशान्य कोपरा आणि वास्तुशांतीचं जेवण एवढंच डोळ्यापुढं येतं. इंग्रजीत आर्किटेक्चर हा शब्द घरातून बाहेर पडून कॉम्प्युटरपर्यंत गेला, आपला वास्तू अजून घरातच बसलाय. 'स्थापत्य' घ्यावं तर ते सिव्हिलवाल्यांनी कधीच नेलंय.

मूळ ग्रीक शब्द मात्र बघण्यासारखा आहे. 'आर्खी' म्हणजे मुख्य आणि 'टेक्टॉन' म्हणजे सुतार, दोन्ही मिळून आर्किटेक्ट, म्हणजे सुतारांचा म्होरक्या. ह्या टेक्टॉनचा सख्खा भाऊ संस्कृतात 'तक्षन्', त्याचाच 'तक्षक', लाकूड तासणारा. आपल्या जुन्या वास्तुग्रंथांत चार कारागीर सांगितलेत, स्थपती, सूत्रग्राही, वर्धकी आणि तक्षक, त्यात मुख्य तो स्थपती आणि तक्षक बिचारा त्याच्या हाताखाली. म्हणजे तिकडं सुताराला प्रमोशन मिळालं, इकडं नाही मिळालं! आणि आपला 'सुतार' हा शब्द 'सूत्रधार' वरनं आलाय, हातात मापाची दोरी धरणारा तो. अर्थानं बघितलं तर आर्किटेक्टला सूत्रधार हा शब्द फिट्ट बसतो, पण पेपरवाल्यांनी त्याची पार वाट लावलीय, प्रस्तावात 'मुख्य सूत्रधार : संगणक विभागप्रमुख' असं छापलं तर लोकांना वाटेल घोटाळा झालाय आणि आता अटक होणार. त्यामुळं माणसाला आर्किटेक्टच म्हणा, काही बिघडत नाही.

आता 'एंटरप्राइज'. उद्यम शब्द वाईट नाही, पण कोल्हापुरात उद्यम म्हटलं की उद्यमनगर, लेथ, फौंड्री आणि काळे हात. 'उपक्रम' म्हणावं तर सरकारी कागदात 'सार्वजनिक उपक्रम' असतो खरा, पण बाकी सगळीकडं उपक्रम म्हणजे शाळेनं झाडं लावली ते. इथं एंटरप्राइज म्हणजे नुसता धंदा नव्हं, सगळी खाती मिळून जी एक संस्था होते ती, मग ती कंपनी असू दे, दूध संघ असू दे नाहीतर सरकारी खातं. तुमच्यापुरतं सरळ 'कारखाना' लिहा की.

ह्या विषयाचा पाया घातला म्हणतात तो जॉन झॅकमन ह्यांनी, १९८७ साली आयबीएमच्या नियतकालिकात त्यांचा लेख आला, आणि गंमत म्हणजे त्या लेखाच्या नावात 'एंटरप्राइज' नव्हतंच, 'इन्फर्मेशन सिस्टीम्स आर्किटेक्चर' होतं, एंटरप्राइज नंतर चिकटलं. त्यांनी एक तक्ता, म्हणजे विचार करायची चौकट, मांडला, आधी काय, कसं आणि कुठं एवढे तीनच रकाने भरले होते, १९९२ ला जॉन सोवा ह्यांच्याबरोबर कोण, कधी आणि का हे तीन वाढवले. इंग्रजीत ह्यातला 'हाऊ' वेगळा पडतो, मराठीत सहाच्या सहा 'क' वरनं. संचालक मंडळाला समजवायला ह्याच्याइतकं सोपं काय नाही: काय म्हणजे ऊस, सभासद, बिल, कसं म्हणजे नोंदीपासून बिलापर्यंतचं काम, कुठं म्हणजे गट ऑफिस, काटा, कोण म्हणजे गावात ऊसनोंद घेणाऱ्या चिटबॉयपासून एमडीपर्यंत, कधी म्हणजे हंगाम, आणि ऊस आल्यावर १४ दिवसांत पैसे द्यायचा तो १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातला नियम, आणि का, ते अध्यक्षांना विचारा. टोगॅफ नावाची दुसरी चौकट आहे, १९९५ पासनं, ती चार थर सांगते, कामकाज, डेटा, अॅप्लिकेशन, टेक्नॉलॉजी. सॉफ्टवेअर विकणारे बहुतेक खालनं सुरू करतात, आधी सर्व्हर, मग सॉफ्टवेअर, आणि सगळ्यात शेवटी विचारतात तुमचं काम कसं चालतं म्हणून.

मूळ मुद्दा आता. बरेच जण आर्किटेक्चरला 'आराखडा' लिहितात, आणि माझं खरं भांडण ह्या शब्दाशी आहे. आराखडा हा कागद झाला. आयएसओचं ४२०१० नंबरचं स्टँडर्ड आहे, त्यात सुद्धा आर्किटेक्चर वेगळं आणि आर्किटेक्चरचं वर्णन वेगळं धरलंय. अंबाबाईच्या देवळाचं बघा, मूर्तीचं तोंड पश्चिमेला, नोव्हेंबरात ९ ते ११ आणि जानेवारीच्या ३१ पासून फेब्रुवारीच्या २ पर्यंत मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येऊन पहिल्या दिवशी पायांवर, मग छातीवर, मग चेहऱ्यावर पडतात. हातात नकाशा नसला तरी कुणालाही कळतंय की दार, मंडप, गाभारा हे एका रेषेत कुणीतरी विचार करून बसवलंय. आणि त्याच रेषेत बाहेर कुणी आपल्यापुरता एक मजला चढवला की किरणं आडतात, मजलेवाल्याला त्याचा पत्ता पण नसतो. कारखान्यात एका खात्यानं कुणाला न विचारता वेगळं सॉफ्टवेअर आणलं की नेमकं हेच होतं. म्हणजे आराखडा असो नसो, तुमच्या कारखान्याला आर्किटेक्चर आत्ता पण आहे, फक्त कसंतरी वाढलेलं आहे.

मग शब्द कुठला? 'रचना' लिहिलं तर लोकांना वाटतं कोण कुणाच्या हाताखाली तो तक्ता. 'बांधणी' चांगला होता, पण पक्षबांधणीवाल्यांनी वापरून वापरून त्याचा अर्थ माणसं गोळा करणं असा केलाय. माझं मत 'घडण'. शरीराची घडण, स्वभावाची घडण म्हणतो तसं, ती असतेच, कागदावर काढली नाही तरी. शिवाय गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सोनारपेठेत, साज करायला टाकला की सोन्याचे वेगळे आणि घडणावळीचे वेगळे पैसे पडतात, हे संचालकांना सांगायला लागत नाही, नुसती सॉफ्टवेअरं विकत आणली म्हणजे घडण झाली असं नव्हं हे तिथंच पटतंय. तर एंटरप्राइज आर्किटेक्चर म्हणजे 'कारखान्याच्या कामकाजाची घडण', ती कागदावर काढली की तो 'आराखडा', आणि झॅकमन, टोगॅफ ह्या 'चौकटी'.

इन्फर्मेशन आर्किटेक्चरला मात्र घडण नको, तिथं 'मांडणी'. आपल्या स्वयंपाकघरात भिंतीला भांड्यांची मांडणी असायची ती आठवा, डबे कुठं, ताटं कुठं हे लाईट गेली तरी हाताला कळायचं. रिचर्ड सॉल वुर्मन म्हणून एक आर्किटेक्ट, खराखुरा बिल्डिंगवाला, त्यानं १९७६ साली अमेरिकेतल्या आर्किटेक्टांच्या अधिवेशनात 'माहितीचं आर्किटेक्चर' हा विषय ठेवला, आणि पुढं सांगितलं की माहिती कितीही असू दे, ती टांगायच्या खुंट्या पाचच: ठिकाण, अक्षरं, काळ, प्रकार आणि लहानमोठेपणा. तुमच्या ऊसनोंदीच बघा, गावावर लावा, नावाच्या बाराखडीवर लावा, लागणीच्या तारखेवर लावा, आडसाली-पूर्वहंगामी-सुरू-खोडवा अशा लावा, नाहीतर टनावर लावा, सहावी खुंटी सापडली तर मला पण कळवा.

मांडणीच्या आधी शब्दांचं बघायला लागतं, आणि इथंच आमच्यासारख्या शब्दांत रमणाऱ्यांची गरज लागते. 'उतारा' म्हणजे काय? शेती खात्यात सातबाराचा उतारा, लॅबमध्ये साखरेचा उतारा, म्हणजे उसातनं शेकडा किती साखर निघाली ते, आणि शेतकरी बांधावर एकरी किती टन निघालं त्याला पण उताराच म्हणतो. तीन खात्यांनी आपापल्या एक्सेलमध्ये 'उतारा' असाच रकाना केला असंल आणि नव्या सिस्टीमवाल्यानं नाव एक म्हणून तिन्ही एकत्र केले तर काय होईल बघा. नावांचं तर विचारूच नका, समजा सभासद आण्णासाहेब आहेत, शेअर दाखल्यावर आण्णासो, सातबाऱ्यावर आण्णा, बँक खात्यावर वेगळंच. माझ्या घरात एकाचं ऊसबिल असल्याच भानगडीत हंगाम संपेपर्यंत अडकलेलं, कुठला कारखाना ते सांगत नाही, पण संगणकात तीन माणसं होती आणि बिल घ्यायला माणूस एकच.

म्हणून प्रस्तावाला 'कारखान्याच्या कामकाजाची घडण आणि माहितीची मांडणी' असं नाव द्या, पहिल्या पानावर एकदाच पुढं एंटरप्राइज आर्किटेक्चर असं देवनागरीत लिहा, आणि परिशिष्टात उतारा, नोंद, सभासद, खातेदार असले शब्द कुठलं खातं कुठल्या अर्थानं वापरतं त्याची यादी जोडा. ती यादी तयार झाली की मला पण पाठवा, 'नोंद' शब्दाचे अजून किती अर्थ निघतात ते बघायचंय.