दारं नऊ, चित्र एक

प्रश्न : बँकेतून निवृत्त होऊन जुळे सोलापुरात राहते. मध्यंतरी पुण्यात एका प्रदर्शनात नऊ छायाचित्रं पाहिली, सगळी आपल्या पूर्व भागातल्या बंद यंत्रमाग कारखान्यांच्या दारांची. कृष्णधवल, अगदी समोरून काढलेली, प्रत्येकाला कुलूप, माणूस एकही नाही. माझे वडील मागावर होते, त्यामुळं माझा पाय तिथून निघेना. संचाची किंमत 54,000 रुपये, सुटं एक 8,000. प्रत्येकाच्या सात प्रती. मिस्टर म्हणाले, ‘कुलपांचे फोटो भिंतीवर कशाला? हे तर मोबाइलवर कुणीही काढेल.’ खाली ‘संकल्पनात्मक छायाचित्रण’ असं लिहिलं होतं. म्हणजे नेमकं काय? आणि त्यातलं एखादं घेऊ का?

उत्तर : ताई, मिस्टरांच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो खरा आहे. नव्या पेठेत एकतीस वर्षं माझा फोटो स्टुडिओ होता. समोर जे बसलंय ते देखणं दिसलं पाहिजे, यातच आमचं सगळं कसब. त्या हिशेबात ही दारं बसली नसती.

संकल्पनात्मक छायाचित्रणात मोठं काम बटण दाबायच्या आधी झालेलं असतं. काय काढायचं, काय टाळायचं, किती वेळा काढायचं, हे ठरवण्यात कलावंताचा जीव असतो. तुमचे वडील मागावर होते, तुम्हाला लगेच कळेल. चादरीवरचा मोर आधी आलेखाच्या कागदावर चौकोन भरून काढतात, मग जकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राच्या, पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पडतात आणि मग माग चालतो. माग चालला नाही तर मोर कागदावरच राहतो, हेही तितकंच खरं.

मला स्वतःला हे उमगलं ते जॉन बाल्डेसारी या अमेरिकन कलावंताच्या 1973च्या एका कामामुळं. तीन चेंडू हवेत फेकायचे आणि ते एका सरळ रेषेत आलेले टिपायचे, एवढाच खेळ. प्रयत्न छत्तीस, कारण रोलमध्ये फ्रेमा छत्तीस. हा आकडा वाचला आणि माझ्या अंगावर काटा आला. लग्नाच्या ऑर्डरीला जाताना मी याच छत्तीस फ्रेमा मनात वाटून घ्यायचो : अंतरपाटाला किती, सप्तपदीला किती, पंगतीला किती उरतील. जी मर्यादा मला आयुष्यभर अडचण वाटली, तिचाच त्यानं नियम केला.

‘कुणीही काढेल’ याचं एक उत्तर आपल्याकडच्या कलावंत पुष्पमाला एन. यांच्या कामात आहे. 2000 ते 2004 या काळात त्यांनी छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासोबत दक्षिण भारतातल्या स्त्रियांच्या रूढ प्रतिमांवर एक मालिका केली. रवि वर्म्याची लक्ष्मी घ्या. रंगवलेला पडदा, साडी, कमळ, सगळं पुन्हा उभं केलं आणि लक्ष्मी म्हणून पुष्पमाला स्वतः उभ्या राहिल्या. फोटोत जी उभी आहे, तिचंच ते काम. गड्ड्याच्या जत्रेत रंगवलेल्या पडद्यापुढं ऐटीत उभं राहून आपणही फोटो काढून घेतलेत. त्या पडद्याकडं इतक्या गंभीरपणे पाहता येतं, हे मला पन्नाशीत कळलं. आणि हे काही नवं खूळ नाही. फ्रान्समध्ये सरकारनं दागेरच्या छायाचित्रणाच्या शोधाला मान दिला आणि स्वतःची वेगळी पद्धत शोधलेला इप्पोलित बायार मागं पडला, तेव्हा 1840मध्ये त्यानं आपण बुडून मेलोय असा स्वतःचाच फोटो काढला आणि फोटोच्या पाठीवर आपली तक्रार लिहिली. छायाचित्रण जगापुढं येऊन दोन वर्षंही झाली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट.

आता तुमची दारं. बेर्न्ट आणि हिला बेखर या जर्मन जोडप्यानं 1959पासून पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणींवरचे मनोरे असेच समोरून, ढगाळ उजेडात टिपले आणि ओळीनं जाळीसारखे मांडले. 1990मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिकी कलाप्रदर्शनात त्यांना सुवर्णसिंह हा पुरस्कार मिळाला, तोही शिल्पकलेसाठी! तुमच्या छायाचित्रकारानं हीच वाट धरलेली दिसते. त्याला एक प्रश्न नक्की विचारा : उजेड कसा निवडला? दारांवर सावल्या नसतील तर तो ढगाची वाट पाहत थांबला असणार. सोलापुरात असे दिवस मोजकेच, बहुतेक पावसाळ्यातले. सावली नसली की कुठलंच दार जास्त करुण दिसत नाही. मग नजर कडीवर जाते, उंबऱ्याच्या झिजेवर जाते, एकाच रंगाच्या दोन थरांवर जाते. या निवडीबद्दल त्याला बोलता आलं, तर काम पक्कं आहे असं समजा. नुसतं ‘आठवणी’ आणि ‘वेदना’ असं बोलला, तर थोडं थांबा.

आणि सुटं एक घेऊ नका. याबाबत माझं मत ठाम आहे. एकटं दार म्हणजे एका बंद कारखान्याचा फोटो. शेजारी दुसरं आलं की आपण तुलना करू लागतो, नववं येईपर्यंत एक अख्खी वसाहत उभी राहते. ते काम नऊंमध्ये मिळून आहे. पैसे एकदम जड जात असतील तर हप्त्यांबद्दल मोकळेपणानं विचारा. पुष्कळ कलावंत हो म्हणतात, त्यात संकोच कसला?

पैसे देण्याआधी लेखी मागा : सातांपैकी कितवी प्रत, कलावंतासाठी राखलेल्या प्रती किती, हेच चित्र दुसऱ्या आकारात वेगळ्या आवृत्तीत निघालंय का, फोटो कोणत्या वर्षीचा आणि प्रिंट कोणत्या वर्षीचा, कागद आणि शाई कोणती. यातला आकाराचा प्रश्न लोक विसरतात आणि मग ‘सात’ला काही अर्थ उरत नाही. सही आणि प्रमाणपत्र, पक्कं बिल. प्रिंट तुमचा झाला तरी हक्क त्याचाच राहतो, कॅलेंडरवर छापता येणार नाही. पुढं किंमत वाढेल म्हणून घेऊ नका. तुमचा पाय निघाला नाही, हे कारण मला पुरेसं वाटतं.

दारांचे पत्ते मात्र त्याच्याकडून लिहून घ्या. तुमच्या वडिलांच्या पिढीतलं कुणी घरी आलं तर ते आधी तेच विचारतील.

प्रश्न : पहिल्यांदाच एक मोजक्या प्रतींच्या आवृत्तीतला प्रिंट घेतला, पिगमेंट शाईचा, सुती कागदावर. चौकटवाला म्हणतो लॅमिनेट करून प्लायवर चिकटवू, शंभर वर्षं टिकेल. करू का? (वाचक, अक्कलकोट)

उत्तर : नको, अजिबात नको. लॅमिनेशन आणि गोंद एकदा लागला की परत निघत नाही, आणि तशा प्रिंटला पुढं सहसा कुणी संग्राहक हात लावत नाही. माझ्याकडं मित्रानं दिलेला एक सिल्व्हर जिलेटिन प्रिंट, म्हणजे डार्करूममध्ये काढलेला कृष्णधवल फोटो, होता. चौकट करणाऱ्यानं तो मला न विचारता सरसानं हार्डबोर्डवर चिकटवला. दोन पावसाळ्यांत पिवळे डाग आले, मग कसर लागली. मित्र आता नाही, निगेटिव्हही नाही. त्या प्रिंटबद्दल मला अजून वाईट वाटतं.

आम्लरहित माउंटबोर्ड मागा. वरच्या दोन कोपऱ्यांना आम्लरहित कागदाच्या बिजागऱ्या लावून प्रिंट नुसता टांगलेला राहू द्या. समोर खिडकी कापलेला माउंट हवा, म्हणजे प्रिंट काचेला टेकणार नाही. अतिनील किरण अडवणारी काच महाग आहे, तरी एवढा खर्च कराच. पश्चिमेची भिंत आणि न्हाणीघराला लागून असलेली भिंत सोडा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा चाळिशीपार जातो, त्यात कूलरची ओली हवा थेट चित्रावर येऊ देऊ नका.

आणि घरात एखादा जुना फोटो काचेला चिकटलेला असेल तर तो ओढून काढू नका. आहे तसाच, काचेवरूनच आधी नीट टिपून ठेवा आणि मग जाणकाराकडं न्या.