वडिलांना अर्धांगवायू झालाय. शिबिरात मोफत मिळणारी व्हीलचेअर घ्यावी का? कोल्हापुरात आणखी कुठे चौकशी करू?

मोजमाप न घेता देणार असतील तर घेऊ नका. फुकट असली तरी नको.

माझा धाकटा भाऊ सेंट्रिंगच्या कामावर पडला. मणक्याला मार बसला, कमरेखालची जाण गेली. मामांनी ओळखीने एका वाटप शिबिरात त्याचं नाव घातलं. मंडप, हार, फोटो, सगळं झालं. हातात आलेली खुर्ची धिप्पाड माणसाची आणि आमचा पोरगा काटकुळा. बसला की एका अंगाला कलंडायचा. तोल सावरायला दोन्ही हात दांड्यांवर, मग चाक ढकलणार कशानं? पाय लोंबकळत. खाली रेक्झिनचा नुसता झोळ. त्याला दुखतंय हे कळतच नव्हतं, तर सांगणार कसा? आईनं अंघोळ घालताना बघितलं, तोवर माकडहाडापाशी कातडी काळी पडलेली. त्या जखमेपायी तो कित्येक महिने पालथा पडून होता.

मामांचं त्यावर म्हणणं, "धर्माच्या गाई आणि दात का गे नाही." अजून ऐकलं की माझं डोकं फिरतं. चष्मा कुणी गठ्ठ्यातला उचलून देतं का? जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ सालीच लिहून ठेवलंय की माणसाला तपासणं, माप घेणं, बसवून बघणं, चालवायला शिकवणं आणि नंतरची दुरुस्ती हे सगळं खुर्ची देण्यातच येतं. दात मोजायचेच असतात, मामा.

आम्हाला सोडवलं ते एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी आणि उद्यमनगरातल्या एका फॅब्रिकेशनवाल्या मिस्त्रींनी. ताईंनी माप सांगितलं: दोन्ही मांड्यांच्या बाजूला बोट जाईल एवढीच फट, सीटची कड गुडघ्याच्या मागे दोन-तीन बोटं अलीकडे, तळवे सपाट टेकलेले. मिस्त्रींनी पाईप कापून खुर्ची अरुंद केली, पाय ठेवायच्या पट्ट्या वर घेतल्या. भावाला बसवायचं, बघायचं, परत उतरवून वेल्डिंग मारायचं. पुढची बारीक चाकं गटारीच्या जाळीत अडकायची, तीही मोठी घातली. ताईंनी चांगली जाड गादी घ्यायला लावली आणि हातांवर जोर देऊन थोड्या थोड्या वेळानं बूड उचलायची सवय लावली. आता तो मंगळवार पेठेतनं एकटा फिरतो. मामा मात्र लग्नकार्यात सांगत असतात की खुर्ची आपण मिळवून दिली.

तुमच्या वडिलांची गोष्ट वेगळी आहे. त्यांची एक बाजू चालते, म्हणजे ते चांगल्या हातानं चाक आणि चांगल्या पायानं जमीन रेटून खुर्ची चालवू शकतील. त्यासाठी सीट इतकी खाली हवी की तो पाय जमिनीला पुरा टेकेल, आणि त्या बाजूची पायपट्टी काढता यायला हवी. शिबिरात हेच विचारा.

दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या अ‍ॅडिप योजनेत कानपूरच्या अ‍ॅलिम्को या सरकारी कंपनीची साधनं मिळतात. त्यात आधी तपासणी शिबिर आणि वाटप नंतर, अशी पद्धत आहे. तुमचं शिबिर यातलं असेल तर तपासणीलाच वडिलांना घेऊन जा, नुसती कागदपत्रं पाठवू नका. दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी सीपीआर, म्हणजे आपलं सरकारी रुग्णालय. उत्पन्नाचा दाखलाही काढून ठेवा. दिव्यांगांसाठी राखलेल्या ५ टक्के निधीचं ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत विचारा. तो मागताना हात जोडायची गरज नाही. नसीमादीदी हुरजूक यांनी १९८४ साली उभी केलेली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था आपल्या कोल्हापुरातच आहे, तिथे जाऊन बोला. व्हीलचेअरवर आयुष्य काढलेल्या बाईंनी उभं केलेलं काम आहे ते.

आणि हो, खुर्ची फक्त दवाखान्यात न्यायला-आणायला लागणार असेल, वडिलांना बसल्या जागी जाणीव असेल, तर साधी खुर्चीही चालून जाईल. शिबिरं घेणारे सगळेच वाईट नसतात, नीट माप घेणारेही आहेत. आमचं बघून परस्पर वेल्डिंग करायला मात्र जाऊ नका. तोल बिघडला तर खुर्ची मागे उलटते, फिजिओथेरपिस्ट समोर हवेतच. घ्यायच्या आधी टायर-ट्यूब आणि ब्रेक तुमच्या जवळच्या सायकल दुकानात दुरुस्त होतील का, तेही विचारून ठेवा.