रक्त गोठू न देणारे वॉर्फरिन हे औषध चालू असताना बाहेर जखम नसूनही आतून रक्तस्राव होऊ शकतो का?

होय, होऊ शकतो, आणि तो उशिरा लक्षात येतो हीच खरी काळजीची बाब आहे. रक्त गोठवणारे काही घटक यकृतात के जीवनसत्त्वाच्या मदतीने तयार होतात. वॉर्फरिन तेच घटक कमी करते, त्यामुळे जठरातला एखादा लहानसा व्रणही वाहत राहतो. शौचाला डांबरासारखे काळे, चिकट आणि उग्र वासाचे होणे, लघवी लालसर होणे किंवा उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखे कण दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे. डोक्याला मार लागला असेल, तर रुग्ण हसत-बोलत असला तरी वाट पाहू नये. मेंदूतला रक्तस्राव काही तासांनंतरही उघड होऊ शकतो.

रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आयएनआर हा रक्ततपासणीतला आकडा बहुतेक रुग्णांत 2 ते 3 च्या दरम्यान राखतात, हृदयात मायट्रल जागी (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये) यांत्रिक झडप असल्यास साधारण 2.5 ते 3.5. हा आकडा, म्हणजेच रक्तस्रावाचा धोका, वाढवणाऱ्या औषधांत जुलाबावर सर्रास घेतले जाणारे मेट्रोनिडाझोल येते. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅकची गोळी तर जठराचे अस्तरच दुखावते, आणि माझ्या मते घरातली सर्वांत टाळता येण्याजोगी चूक हीच आहे. मेथी-पालक बंद करण्याची गरज नाही, मात्र आठवड्यातले प्रमाण सारखे ठेवावे. भीतीपोटी गोळी स्वतःहून थांबवू नये, कारण झडपेवर गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो.