कमकुवत प्यादे आधी अडवा

प्रश्न (कोथरूड): रविवारच्या रॅपिड स्पर्धेत काळ्याचे डी५वर एकटे प्यादे होते. मी पांढऱ्याकडून दोन्ही हत्ती डी पट्टीवर आणले, तेवढ्यात त्याने डी४ ढकलले, मारामारी झाली आणि डाव बरोबरीत सुटला. चूक कुठे झाली?

उत्तर: हत्ती आणायची घाई झाली. एकट्या प्याद्याचे, म्हणजे शेजारच्या दोन्ही पट्ट्यांवर आपले प्यादे नसलेल्याचे, खरे दुखणे म्हणजे त्याच्या पुढचे घर. तिथे बसलेल्या मोहऱ्याला हुसकवायला शेजारचे प्यादेच नसते. म्हणून आधी डी४वर घोडा बसवा. मग काळ्याचा काळ्या घरांवरचा उंट आणि सी६वरचा घोडा यांची अदलाबदल साधा, कारण डी४साठी तीच दोन मोहरी झगडतात. पांढऱ्या घरांवरचा उंट त्याच्याकडेच राहू द्या. डी५चे प्यादे त्याचीच वाट अडवते. वजिरांची अदलाबदल मात्र लगेच करू नका. वजीर पटावर असला की त्याला प्यादेही सांभाळावे लागते आणि राजाही.

१९८१च्या इटलीतल्या मेरानो इथल्या जगज्जेतेपदाच्या लढतीतला नववा डाव पटावर मांडून बघाच. पांढऱ्याकडून खेळणाऱ्या कोर्चनॉयचे डी४ एकटे होते. २७व्या चालीपर्यंत सगळे उंट-घोडे पटावरून गेले. काळ्याकडून खेळणाऱ्या जगज्जेत्या कार्पोव्हने हत्ती डी५ आणि डी८वर व वजीर मध्ये डी७वर ठेवला. पुढे हत्ती, वजीर मागे, हा क्रम महत्त्वाचा. ई५ची धमकी थांबवायला कोर्चनॉयने एफ४ खेळले आणि त्याच्याच राजापुढची भिंत उघडी पडली. कार्पोव्हने घाई केली नाही. आधी बी५ करून दुसऱ्या बाजूला आघाडी उघडली, आणि ३५व्या चालीला ई५ घातलेच. डी४ने ते मारले असते तर मागचा डी२वरचा हत्ती गेला असता. तुमच्या डावात हीच चाल ई४.

प्रश्न (हडपसर): माझा बारा वर्षांचा मुलगा दुहेरी प्यादी (एकाच पट्टीवर एकामागे एक) होतील म्हणून चांगल्या अदलाबदलीही टाळतो. दुहेरी प्यादी नेहमी वाईटच का?

उत्तर: नाही. बी६वर मारामारी होऊन ए७चे प्यादे बी६वर आले तर ए पट्टी हत्तीला मोकळी मिळते आणि सी७चे प्यादे जागेवर असेल तर बी६ला त्याचा आधार असतो. हे चालते. निम्झो-इंडियन या सुरुवातीतली पांढऱ्याची सी३-सी४ ही जोडी मात्र खरोखर दुखते. काळा बी६, उंट ए६, घोडा सी६वरून ए५ असा सी४वर मारा लावतो आणि तिला प्याद्याचा आधार देता येत नाही. त्याला दोनच गोष्टी तपासायला सांगा: प्याद्याला प्याद्याचा आधार आहे का, आणि समोरच्याची हत्तीची पट्टी त्यावर उघडी आहे का.

प्रश्न (निगडी): क्वीन्स गॅम्बिट एक्स्चेंज या सुरुवातीत मी पांढऱ्याकडून बी४-बी५ करतो, सी६वर मारतो, पण पुढे काहीच हाती लागत नाही.

उत्तर: हत्ती बी१, बी४, मग ए४ आणि बी५, हा क्रम बरोबरच आहे. खरा प्रश्न सी५ घराचा. तुम्ही मारल्यावर काळ्याने बी७चे प्यादे सी६वर घेतले आणि लगेच सी५ ढकलले, तर त्याचे ओझे उतरले. म्हणून मारण्याआधी सी पट्टीवर वजीर किंवा हत्ती हवा, आणि घोडा सी५वर यायला तयार हवा. दुसरा धोका तुमच्या बी४नंतर काळ्याने स्वतः बी५ खेळण्याचा. त्याचा घोडा डी६ किंवा बी६मार्गे सी४वर पोचत असेल तर सी पट्टीच बंद होते. घोडा लांब असेल तर मात्र बी५ होऊ द्या. सी६ कायमचे मागे राहते. आणि सगळी मोहरी वजिराच्या बाजूला नेऊ नका. काळ्याचा घोडा ई४वर बसला की हल्ला तुमच्या राजावर असतो.

प्रश्न (सदाशिव पेठ): कमकुवत प्यादे जिंकतो, पण हत्तींचा शेवट बरोबरीत सुटतो.

उत्तर: उरलेली सगळी प्यादी राजाच्याच बाजूला असतील तर चार विरुद्ध तीन हा हत्तींचा शेवट बहुतेक बरोबरीचाच असतो. म्हणून प्यादे मारण्याआधी मोजा. समोरच्याचा हत्ती त्या प्याद्याच्या राखणीला जखडलेला असेल तर त्याला तसाच राहू द्या. तुमचा राजा मध्यभागी आणा, दुसऱ्या बाजूला एच पट्टीवर आणखी एक कमकुवत जागा तयार करा. प्यादे मारायचे ते त्याचा हत्ती दोन्हीकडे पुरेनासा झाला की.