ओतकामाचे प्रश्न: गळाची शिसं घरी ओतताना

प्रश्न: मी कोल्हापूरला कसबा बावड्यात राहतो. सुट्टीला भोगावती नदीवर गळ टाकायला जातो. गळाची शिसं दगडात अडकून सारखी तुटतात, दर वेळी विकत घ्यायचा कंटाळा आला. टायरच्या दुकानातून चाकांचा तोल साधायला लावतात ती जुनी वजनं पिशवीभर मिळाली आहेत. ती वितळवून घरीच ओतायची तर सुरुवात कुठून करू? आणि जमलं तर सासऱ्यांच्या ठासणीच्या बंदुकीसाठी गोळ्याही ओतता येतील का? बंदुकीचा परवाना आहे.

उत्तर: गोळ्यांचं आधी सांगतो, कारण ते उत्तर छोटं आहे. नको. शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे शस्त्र बाळगायचा परवाना वेगळा आणि दारूगोळा बनवायचा वेगळा. सासऱ्यांना काय लागतं ते त्यांनी परवाना दाखवून अधिकृत दुकानातून घ्यावं. नेमबाज स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमधून ५० मीटर रायफलचं कांस्यपदक आणल्यापासून गोळ्या ओतायची चौकशी वाढली आहे. अहो, त्या खेळातली पॉइंट टू टूची (.२२ इंची) काडतुसं कारखान्यातून तयार येतात. कढईचा तिथं काही संबंध नाही.

आता गळाच्या शिशाकडे येऊ. शिसं वितळतं ३२७ अंशाला, म्हणजे उद्यमनगरातल्या फौंड्रीत ओततात त्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) मानानं अगदीच थंड काम. त्यामुळे वितळवणं अवघड नाही, पिशवी निवडणं अवघड आहे. चाकाच्या वजनांत हल्ली जस्त आणि लोखंडही असतं. आधी वजनाच्या अंगावर, क्लिप सोडून, लोहचुंबक फिरवा, लोखंड बाजूला होईल. उरलेल्यातलं एकेक कटिंग पकडीत धरून दाबा. शिशात पकड मुकाट्यानं रुतते, जस्त दाद देत नाही. फरशीवर टाकलं तर जस्त खणकतं, शिसं थप्प करून पडतं. हे तासभर बसून करा. जस्त ४१९ अंशाला वितळतं. आच वाढवत बसलात आणि ते रसात, म्हणजे वितळलेल्या शिशात, मिसळलं, की रस घट्ट होतो आणि साच्याच्या कोपऱ्यात जातच नाही. आच बेताची ठेवली तर चुकून राहिलेलं जस्त वर तरंगतं, पळीनं काढून टाकता येतं. वजनं चाकाला अडकवायच्या लोखंडी क्लिपाही तशाच वर येतात.

भांडं बिडाची कढई किंवा जाड पोलादी पातेलं. ॲल्युमिनियमचं नको, तापलं की ते मऊ पडतं आणि भरल्या वजनाला दगा देतं. ती कढई आणि पळी पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये. वहिनी घासून घेतो म्हणाल्या तरी नाही. कोळशाची शेगडी उघड्यावर मांडा, वारा पाठीवर घ्या. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, चामड्याचे हातमोजे, बंद बूट, चष्मा. नायलॉनचा ट्रॅकसूट घालून कुणी बसू नये, ठिणगी पडली की तो कातडीला चिकटतो.

सगळ्यात जपायचं ते पाण्याला. रसावर वरून थेंब पडला तर चरचरून उडतो. पण रसाखाली ओल अडकली तर तिची क्षणात वाफ होते आणि कढईतलं शिसं अंगावर येतं. म्हणून सगळा भंगार थंड कढईतच भरायचा आणि मग आच द्यायची. वितळलेल्यात वरून तुकडा टाकायचा झाला तर तो आधी शेगडीच्या कडेला ठेवून तापवून घ्यायचा. पळीसुद्धा तापवूनच बुडवायची. केबलचं शिसं मिळालं तर नळी उभी चिरून उघडी करा, आत पाणी असतं. आपल्याकडे आभाळ भरलेलं असेल त्या दिवशी शेगडी पेटवायचीच नाही.

कुणी म्हणेल, फौंड्रीत ओल्या वाळूत बीड ओततात ते कसं चालतं? तिथं वाळूतली ओल मापात असते आणि वाफेला बाहेर पडायला वाट ठेवलेली असते. घरी करतात त्या प्लास्टरच्या साच्याला ती नसते, आणि प्लास्टर वरून खडखडीत दिसलं तरी पोटात ओलं राहतं. त्यापेक्षा एखाद्या मशीनशॉपमधून ॲल्युमिनियमचा दोन फाळक्यांचा साचा करून घ्या. आतून तेलाच्या दिव्याची काजळी धरा, नग सुटायला बरं पडतं.

रस झाला की मेणबत्तीचा तुकडा टाकून ढवळा. भडका उडेल, तोंड लांब ठेवा. वरची राखाडी मळी झाऱ्यानं काढून झाकणाच्या डब्यात भरा. पृष्ठभाग आरशासारखा दिसला की ओता. त्यावर सोनेरी-निळी झाक आली तर आच जास्त झाली, शेगडी उतरवा. पहिले नग सुरकुतलेले निघतील कारण साचा थंड आहे. ते पुन्हा कढईत. साचा तापला की कडा आपोआप धारदार येतात.

लोक धुराला भितात, पण या तापमानाला वाफ थोडीच उठते. खरी भानगड त्या मळीच्या भुकटीची. ती बोटांवरून तंबाखूच्या चिमटीत जाते आणि तिथून पोटात. काम चालू असताना चहा नाही, तंबाखू नाही. मग साबणानं हात, तोंड, आणि कपडे वेगळे धुवायचे. लहान मुलं आणि गरोदर बाई आसपास नको. मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो आणि तो भरून येत नाही. मळी कचऱ्यात टाकू नका, भंगारवाला घेतो. आणि ती शिसं दातानं चावून दोऱ्यावर बसवायची सवय असेल तर ती आजपासून बंद.

प्रश्न: जुन्या इन्व्हर्टरची बॅटरी पडून आहे. तिच्यातलं शिसं फुकटच मिळेल ना? (शाहूपुरी)

उत्तर: फोडू नका. आत आम्ल असतं, प्लेटांच्या जाळ्यांतल्या शिशात अँटिमनी, आर्सेनिक अशी विषारी द्रव्यं असू शकतात आणि त्यातून विषारी वायू निघू शकतो. प्लेटांवरच्या लगद्याची बहुतेक राखच होते. नवी बॅटरी घेताना दुकानदाराला जुनी द्या, तो वजनाप्रमाणे पैसे वळते करतो. त्या पैशांत टेलिफोन केबलचं मऊ शिसं घ्या, गळाला त्यासारखं दुसरं नाही.